माशाचा घास आणि माणसाचा विवेक

काही वर्षांपूर्वी शृंगेरीस जाण्याचा योग आला. शारदांबेचे दर्शन झाले, विद्याशंकराच्या देवळाला प्रदक्षिणा झाली आणि रिवाजाप्रमाणे आम्ही मंडळी तुंगेच्या घाटावर येऊन बसलो. ज्यांनी ती यात्रा केली आहे त्यांना हा घाट वर्णन करून सांगावयास नको. पायऱ्यांशी पाणी संथ असते आणि त्या पाण्यात हात-हातभर लांबीचे मासे निर्भयपणे फिरत असतात. कोणी चुरमुऱ्यांची मूठ टाकली की तेवढ्या भागातले पाणी उकळल्यासारखे होते, काळसर पाठी एकमेकींवर चढतात, आणि पाहता पाहता एक दाणा शिल्लक राहत नाही. येथे गळ टाकावयाचा नाही, जाळे लावावयाचे नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्बंध आहे. आणि तो मासळीला ठाऊक असावा, इतका तिचा वावर निःशंक आहे.

बरोबर सात वर्षांचा नातू होता. आम्ही गोव्याची माणसे. आमच्या घरी सोमवारी शिवराक जेवण असते आणि मंगळवारी बाजारातून मासळी येते. तो दिवस नेमका सोमवारचा होता. नातवाने हातातली पुडी रिकामी केली, बराच वेळ पाण्याकडे टक लावून पाहिले आणि विचारले, "आजोबा, हे मासे आज शिवराक आहेत का?"

सगळे हसले, मीही हसलो. परंतु प्रश्न हसण्यावारी जाईना. परतीच्या प्रवासात तो माझ्या मनात घोळत राहिला, आणि घोळता घोळता एकाचे तीन झाले. मासा आपला घास निवडतो काय? निवडत असेल, तर त्या निवडीला पाप-पुण्य लागते काय? आणि त्याच्यापुढे आपण जो घास टाकतो, तो नेमका कोणासाठी? या तीन प्रश्नांचा यथामति विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. देवळांच्या आश्रयाने राहणाऱ्या मासळीत अनेक जाती असतात. तथापि त्यांतला मानकरी महाशीर. मोठे डोके, मोठमोठे खवले, जाड ओठ आणि ओठांशी मिशांच्या दोन जोड्या, असे त्याचे रूप आहे. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांत सोनेरी महाशीर राहतो, दख्खनच्या नद्यांत निळसर परांचा महाशीर राहतो, आणि कावेरीच्या खोऱ्यात पाठीला उंचवटा असलेला कुबड्या महाशीर राहतो. यांपैकी दख्खनच्या महाशीराचे आपल्या भाषेशी विशेष नाते आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून हा मासा मिळवून त्याचे शास्त्रीय वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने मराठी लोकांच्या तोंडचे 'खुदरी' हेच नाव त्याला दिले. जगभरच्या ग्रंथांत तो आजही त्याच नावाने ओळखला जातो. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून जे मासे राखले जातात, तेही याच कुळातले.

या कुळावर आज संकट आहे. निसर्गरक्षणाचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाच्या यादीत हिमालयातला सोनेरी महाशीर संकटग्रस्त ठरला आहे. आणि कावेरीचा कुबड्या महाशीर तर २०१८ साली 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात घातला गेला. नदीतून नाहीसा होण्यापूर्वीची ही शेवटची पायरी होय. १९४६ साली काबिनी नदीत याच जातीचा एकशेवीस पौंड वजनाचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या वजनाशी तोलता येईल असा मासा आपल्या दक्षिणेच्या नदीत होता, हे आज सांगितले तर दंतकथा वाटते.

आता त्याच्या घासाकडे वळू. महाशीराच्या जबड्यात दात नाहीत. खाली वळलेल्या मऊ तोंडाकडे पाहिले तर हा प्राणी कोणाला दुखवील असे वाटत नाही. त्याचे दात आहेत ते घशात, आणि ते भक्कम आहेत. घास ओठांनी उचलावयाचा, आत ओढावयाचा आणि घशातल्या दातांखाली भरडावयाचा, अशी त्याची रीत आहे. गोगलगाईचा शंख आणि खेकड्याची पाठ त्या जात्यात सहज फुटते.

हेन्री सलिव्हन टॉमस नावाचा मद्रास इलाख्यातील एक सनदी अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर होता. त्याला गळ टाकण्याचा मोठा नाद. भारतातील मासेमारीवर त्याने १८७३ साली एक ग्रंथ लिहिला आणि त्यात महाशीराच्या आहाराची लांबलचक यादी दिली. पाण्यातले शेवाळ व वनस्पती, उंबराच्या जातीची फळे, काठावरून पडलेल्या धुपाच्या झाडाच्या बिया, वेळूचे बी, शेतातून वाहून आलेले भात, खेकडे, लहान मासे, गांडुळे, पाणकिडे, नाकतोडे, कोळंबी, गोगलगाई. आणि याच यादीत देवळापाशी माणसांनी टाकलेला तांदूळही आहे! म्हणजे शृंगेरीच्या घाटावर जे मी पाहिले ते दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या शिकारी कलेक्टरानेही पाहिले असले पाहिजे.

तेव्हा नातवाच्या प्रश्नाला वस्तुस्थितीचे उत्तर सरळ आहे. मासा शिवराक नाही. लहानपणी तो शेवाळ आणि किड्यांच्या अळ्या खातो. वाढल्यावर उंबर पडले तर उंबर, आणि खेकडा सापडला तर खेकडा. घाटावर चुरमुरे खाऊन तो पलीकडच्या डोहात गेला की तेथे दगडाखाली दडलेला खेकडा त्याच्या ओठांतून सुटेलच असे नाही. देवळाच्या पायरीशी त्याने व्रत घेतलेले नसते.

परंतु म्हणून तो जे दिसेल ते गिळतो काय? तसेही नाही. माशाची निवड हा प्राणिशास्त्रातील एक सुंदर विषय आहे. १९७४ साली वर्नर आणि हॉल या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी ब्लूगिल नावाच्या गोड्या पाण्यातील माशावर केलेले प्रयोग आज अभ्यासकांत सुपरिचित आहेत. त्यांनी माशापुढे लहान, मध्यम आणि मोठ्या आकाराचे पाणपिसू सोडले. पिसू विरळ असताना मासा जो समोर येईल तो खाई. पिसू मुबलक झाले, तेव्हा त्याने लहानांकडे पाहणे सोडले आणि मोठेच तेवढे वेचू लागला. दुष्काळात निवडीला वाव नाही. सुकाळात निवड चोखंदळ होते. आपल्या घरातल्या अनुभवाशीही हे जुळते.

या निवडीच्या मुळाशी एक हिशेब आहे. घास शोधावयास किती वेळ लागेल, त्याचा पाठलाग करावयास आणि तो फोडावयास किती शक्ती खर्ची पडेल, आणि त्यातून पोटात काय पडेल, या तीन गोष्टींची ती वजाबाकी आहे. मासा ती मांडून करतो असे नव्हे. ज्यांना ती साधली नाही त्यांची संतती लक्षावधी वर्षांच्या ओघात मागे राहिली, आणि ज्यांना साधली त्यांचे वंशज आज आपल्यापुढे पोहत आहेत. चुरमुरा पळत नाही, लपत नाही, त्याला कवच नाही. तो पाण्यावर आपण होऊन तरंगत येतो. म्हणून मासा त्यावर तुटून पडतो. आपण त्याला भक्ती म्हणतो. त्याच्या लेखी तो स्वस्त घास आहे.

येथे दुसरा प्रश्न येतो. अशा निवडीला पाप-पुण्य लागते काय? आपल्या शास्त्रकारांनी याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. मनुष्यजन्म तेवढा कर्मयोनी. पशुपक्ष्यादी इतर जन्म या भोगयोनी. ज्याला निराळे वागणे शक्य होते, त्यालाच वागण्याचा जाब विचारता येतो. महाशीराने उंबर खाल्ले म्हणून तो साधू ठरत नाही आणि खेकडा भरडला म्हणून खुनी ठरत नाही. खेकड्याच्या बाजूने पाहिले तर ती वेदना खरी आहे, मरण खरे आहे. परंतु तेथे अपराधी कोणी नाही. जगात वेदना आहे तेथे तेथे अपराध असतोच असे नाही, हा कठीण विचार माशाकडे पाहूनच पटतो.

आणि तरीही आपण माशावर एक मोठा आळ घेतला आहे. राजा दुर्बळ झाला, दंड उरला नाही, की बळी तो कान पिळी असे राज्य माजते. त्या स्थितीला आपल्या राजनीतिकारांनी 'मत्स्यन्याय' हे नाव दिले. कौटिल्याने तो शब्द वापरला, महाभारताच्या शांतिपर्वातही तो विचार आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे निरीक्षण खोटे नाही. शतपथ ब्राह्मणातील मनूच्या कथेत तर एक मासाच त्याची कबुली देतो. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूला एक इवलासा मासा सापडतो. आपण लहान आहोत तोवर आपल्याला मोठा धोका आहे, मासाच माशाला गिळतो, असे तो मनूला सांगतो आणि आश्रय मागतो. भगवंताच्या मत्स्यावताराची जी कथा आपण पुढे पुराणांत ऐकतो, तिचे हे जुने रूप. त्या कथेच्या आरंभी बळाचे कौतुक नाही. आपण दुसऱ्याचा घास होऊ या भीतीने कापणारा एक जीव आहे.

निरीक्षण खरे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे. माशाच्या गिळण्याला सीमा आहेत. पहिली सीमा तोंडाची: जे तोंडात मावत नाही ते त्याचे भक्ष्य होत नाही. दुसरी पोटाची: पोट भरल्यावर तो साठा करीत नाही. तिसरी हिशेबाची: जो घास मिळविण्यात मिळकतीहून खर्च अधिक, तो तो सोडून देतो. या तीन सीमांमुळे डोहात मोठा मासाही राहतो आणि लहानही राहतो. खेकडाही राहतो आणि शेवाळही राहते. अराजकात असे काही शिल्लक राहत नाही.

या ठिकाणी एका मोहापासून स्वतःला आवरले पाहिजे. माशाला सीमा आहेत म्हणून तो संयमी आहे, आणि माणसाने त्याच्यापासून संयमाचा धडा घ्यावा, असे म्हणण्याचा तो मोह. हे म्हणणे गोड आहे, पण खरे नाही. माशाचे तोंड उद्या दुप्पट झाले तर तो दुप्पट मोठा घास घेईल. त्याची सीमा ही त्याची असमर्थता आहे. तिला सद्गुण म्हणणे म्हणजे पांगळ्याने चोरी केली नाही म्हणून त्याच्या सचोटीचे गोडवे गाणे होय. धडा असेल तर तो वेगळा आहे. ज्याची सीमा त्याच्या शरीरातच घडविलेली आहे, त्याला विवेकाची गरज नाही. ज्याच्या शरीरात ती सीमा नाही, त्याला विवेकावाचून दुसरा आधार नाही. आणि अशा प्रकारचा प्राणी या पृथ्वीवर माणूस हाच आहे.

माणसाचे तोंड लहान आहे. परंतु तो तोंडाने शिकार करीत नाही. जाळे हे त्याचे तोंड आहे, सुरुंगाची दारू हे त्याचे तोंड आहे, पाण्यात कालवलेले विष हे त्याचे तोंड आहे. कावेरीच्या डोहांत महाशीरासाठी सुरुंग उडविले गेले ही जुनी आणि पुन्हा पुन्हा सांगितलेली हकीकत आहे. एका स्फोटात हवा तो मोठा मासा मिळतो, आणि त्याच्यासोबत ज्यांची कोणाला गरज नव्हती असे शेकडो लहान जीव पोट वर करून तरंगतात. माशाच्या निवडीत जो हिशेब आहे तो येथे नाही. कारण निवडच उरलेली नाही.

जेथे माणूस निवडतो तेथेही त्याची निवड विपरीत आहे. इतर शिकारी प्राणी बहुधा पिल्लांवर, दुबळ्यांवर हात टाकतात. माणसाला पूर्ण वाढलेला, सर्वांत मोठा मासा हवा असतो. जगभरच्या शिकारीची आकडेवारी मांडणारा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण वाढलेल्या माशांना माणूस इतर शिकारी प्राण्यांच्या मानाने चौदा पटींपर्यंत अधिक प्रमाणात मारतो, असे त्यात दिसून आले. महाशीराच्या बाबतीत याचा अर्थ फार गंभीर होतो. हा मासा सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो, आणि रोहू-कटल्यासारख्या माशांच्या मानाने अंडी कमी घालतो. जी मादी सर्वांत मोठी तिच्या पोटी सर्वांत अधिक अंडी. मोठा मासा काढला म्हणजे घरातले एक वडीलधारे माणूस नेले असे नव्हे. पुढच्या पिढीचे कोठारच उचलून नेले.

आपल्या पूर्वजांनी ही विज्ञानाची परिभाषा जाणली नव्हती. परंतु या विकाराला लगाम हवा, एवढे त्यांनी जाणले होते. नदीचा एक तुकडा देवाचा म्हणून राखावयाचा, तेथे कोणी गळ टाकावयाचा नाही, ही योजना त्या जाणिवेतून आली. डोह सोडून दिला असता तर तो बळवंताचा झाला असता. देवाला दिला, म्हणून तो माशांचा राहिला. मला या व्यवस्थेतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की तेथे पहारेकरी बहुधा कोणीच नसतो. माणसाने स्वतःच्या लांबलेल्या हाताला स्वतःच घातलेली ती मर्यादा आहे.

अर्थात मर्यादा मोडणारेही असतात. दक्षिण कानडा जिल्ह्यात शिशिल येथे कपिला नदीच्या काठी शिशिलेश्वराचे देऊळ आहे. तेथील महाशीर देवाचे मासे म्हणून प्रसिद्ध आहेत. १९९६ साली कोणी दुष्टाने त्या पाण्यात विष कालवले आणि मासे तडफडून मेले. गावकऱ्यांनी त्या मेलेल्या माशांचे स्मारक उभारले. राजांची, वीरांची, सतींची स्मारके आपण पाहतो. माशांचे स्मारक उभारणारे गाव विरळा. ज्याने विष घातले तोही माणूसच, आणि ज्यांनी दगड उभा केला तीही माणसेच. कर्मयोनी म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

येथवर मी क्रौर्याविषयी बोललो. क्रौर्य ओळखावयास सोपे असते. परंतु माझ्या तिसऱ्या प्रश्नाचा रोख दयेकडे आहे, आणि दयेची परीक्षा अधिक अवघड आहे. त्यासाठी कावेरीचीच एक हकीकत सांगतो.

सुरुंगांनी आणि धरणांनी कावेरीतला महाशीर घटू लागला, तेव्हा ज्यांना त्या माशाचा जिव्हाळा होता ते अस्वस्थ झाले. इकडे लोणावळ्यास आपल्या खुदरीची अंडी माणसाच्या हाताने फळविण्याची विद्या १९७०च्या दशकात सिद्ध झाली होती. ती पिल्ले कावेरीत सोडावी आणि नदी पुन्हा भरून काढावी, असे ठरले. हेतू निर्मळ होता, श्रम प्रामाणिक होते, आणि पिल्ले जगलीही. पुढे १९९८ ते २०१२ या काळात गळाला लागलेल्या, मोजून पुन्हा पाण्यात सोडलेल्या माशांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. माशांची एकूण संख्या वाढली होती, आणि वाढली होती ती या निळसर परांच्या पाहुण्याची. कावेरीचा स्वतःचा कुबड्या महाशीर त्याच नोंदींत वर्षागणिक विरळ होत गेला होता. उंबर, खेकडा, गोगलगाय आणि डोह यांच्या ज्या ताटावर तो वाढला, त्याच ताटावर आपण दुसरी पंगत आणून बसविली होती. आणि ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे त्या यजमानाला तोवर शास्त्रात निश्चित नावसुद्धा मिळालेले नव्हते. केरळातील पांबार नदीतून २००७ साली वर्णन केलेली जात आणि कावेरीचा हा कुबड्या एकच, हे २०१८ साली सिद्ध झाले. आणि त्याच साली तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. नाव मिळणे आणि नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर येणे, दोन्ही एकाच वर्षी.

या हकीकतीत दुष्ट कोणी नाही. म्हणूनच ती मला शिशिलच्या विषाहून अधिक विचार करावयास लावते. महाशीर म्हणजे महाशीर, एक गेला तर दुसरा आणू, असे समजण्यात चूक झाली. आपण ज्याच्यावर दया करतो तो 'कोणी एक मासा' नसतो. त्याचे कूळ, त्याची नदी, त्याचा घास आणि त्याचा ऋतू यांसह तो एक विशिष्ट जीव असतो. त्याची चौकशी न करता केलेली दया ही पुष्कळदा आपल्या मनाला शांत करण्याची युक्ती ठरते.

आता पुन्हा मनूच्या कथेकडे वळू. इवला मासा आश्रय मागतो, तेव्हा मनू लगेच त्याला घरी नेत नाही, त्याच्यापुढे धान्यही टाकीत नाही. तो त्याला एक साधा प्रश्न विचारतो: तुझे पोषण मी कसे करू? लहानपणापासून ही कथा ऐकत आलो. परंतु या प्रश्नाकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. मनू राजा आहे, ज्ञानी आहे, मानववंशाचा मूळपुरुष आहे. ओंजळीत मावणाऱ्या माशाला विचारल्याविना त्याला ठाऊक नसावे काय? पण तो विचारतो. आणि मासा उत्तर देतो: मला प्रथम घटात ठेव, घट पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव, आणि तोही पुरेनासा झाला की मला समुद्रात ने, मग मला भय नाही. मनू तसेच करतो. दयेचा आरंभ विचारण्यात आहे आणि शेवट सोडून देण्यात आहे, हे या कथेचे मर्म मला उतारवयात उमगले.

आज मासा बोलत नाही, हे खरे. परंतु त्याला विचारण्याचा मार्ग बंद झालेला नाही. महाशीर काय खातो, कोणत्या वयात काय खातो, कोणत्या पाण्यात अंडी घालतो, हे जे संशोधक वर्षानुवर्षे नदीकाठी बसून टिपतात ते मनूचाच प्रश्न विचारीत असतात. आणि माशाची उत्तरेही स्पष्ट आहेत. काठावर उंबर आणि जांभळी राहू दे, म्हणजे फळे पडतील. तळातले दगडगोटे उपसू नको, म्हणजे खेकड्याला घर राहील आणि मला अंडी घालावयास जागा राहील. पाणी वाहते ठेव. साबणाचा फेस आणि प्लास्टिकच्या पिशव्या माझ्या अंगणात सोडू नको. या उत्तरांत चुरमुऱ्यांचा उल्लेख कोठेच नाही!

मग चुरमुरे टाकूच नयेत काय? कोणी आस्तिक वाचक म्हणतील की भूतयज्ञ हा गृहस्थाच्या पाच महायज्ञांपैकी एक आहे; मुक्या जीवांना घास देणे हा आपला धर्म आहे. मला हे मान्य आहे. परंतु भूतयज्ञातील बळी किती असतो ते आठवावे. आपल्या शिजलेल्या अन्नातील तो एक लहानसा भाग असतो, पोतेभर नव्हे. त्या एका घासाने कोणा प्राण्याचे पोट भरावे अशी अपेक्षाच नसते. जेवणाऱ्याला आपण एकटे जेवत नाही याची आठवण राहावी, यासाठी तो असतो. घाटावर एक चिमूट टाकावी, हात जोडावे आणि ती चिमूट आपल्यासाठी होती हे जाणून उठावे. माशांसाठी काही करावयाचे असेल तर रिकामी पुडी परत खिशात घालावी, आणि वर्गणी द्यावयाचीच झाली तर काठावर उंबराचे रोप लावणाऱ्याला द्यावी. फार खाऊ घातल्याने मासे एका ठिकाणी दाटतात, उरलेले अन्न कुजते, पाणी नासते. दयेलाही तोंडाची सीमा नसते. तिलाही विवेकच सीमा घालतो.

हे लिहिताना माझ्या ताटाचा विचार टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मी मासे खाणारा माणूस आहे. घाटावरच्या माशाला नमस्कार करावयाचा आणि मंगळवारी बाजारातल्या माशाची घासाघीस करावयाची, यात विसंगती आहे, हे माझ्या नातवाला सातव्या वर्षी दिसले. तिच्यावर मी जो तोडगा काढला आहे तो पूर्ण समाधानकारक आहे असा माझा दावा नाही. मासे सोडणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु जो सोडीत नाही त्यालाही मर्यादेची वाट मोकळी आहे. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून मग त्या पाण्यात लोटीत. आज गोव्यात १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना सरकारी बंदी असते. जुन्या व्रताने जे राखले जाई तेच आता कायद्याने राखावयाचे आहे. त्या दोन महिन्यांत ताटात ताजी सुरमई नसली तर कुरकुर न करणे, अंड्यांनी भरलेल्या मासळीचा हट्ट न धरणे, बोटभर पिल्ले बाजारात दिसली तर ती न घेणे, एवढे तरी माझ्या हाती आहे. माशाच्या तोंडाला जी सीमा निसर्गाने घातली, ती माझ्या पिशवीला मीच घालावयाची आहे.

परवा नातवाने पुन्हा शृंगेरीचा विषय काढला. आता तो मोठा झाला आहे. त्या दिवशीचा आपला प्रश्न त्याला आठवत होता आणि आठवून तो लाजला. मी त्याला म्हटले, "लाजू नकोस. मासा शिवराक नव्हता; तो रोज असतो तसाच होता. सोमवार आपला होता."

त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे आजोबा, वार पाळावयाचा तो आपणच."

मी हो म्हटले. त्यापुढे मला काही सुचले नाही.